यांचा ड्रमर कुठाय? किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स सोप्या भाषेत

मी कुणालाही किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स हा नॉर्वेचा बँड ऐकवला की दोन मिनिटांत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यांचा ड्रमर कुठाय?" ड्रमर नाहीये. कायमचा बेस वाजवणाराही नाहीये. दोन माणसं, दोन गिटार, दोन गळे, बास. आणि दोघं इतक्या हळू आवाजात गातात की खोलीत पंखा फुल्ल स्पीडवर असेल तर अर्धे शब्द पंख्यातच जातात. मग दुसरा प्रश्न येतो, की अरे ही तर दोन मुलं घरी बसून गिटार वाजवतायत, ह्यांना इंडी बँड वगैरे का म्हणायचं आणि ह्यांचा एवढा इतिहास तो काय असणार. तर इतिहास आहे, आणि माझ्या मते नॉर्वेतल्या बँड्समधला सगळ्यात सुंदर इतिहास आहे, फक्त तो कळायला आधी थोडं बाकीचं समजून घ्यावं लागतं, ते सगळं इथे एकदाच लिहून टाकतो.

आधी 'इंडी' हा शब्द. मूळ शब्द इंडिपेंडंट, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या बाहेर, छोट्या स्वतंत्र लेबलवर गाणी काढणारे. सुरुवातीला हा फक्त धंद्याचा शब्द होता, पैसे कोण लावतंय एवढंच त्यातून कळायचं. पण छोट्या लेबलवाल्यांकडे महागडा स्टुडिओ नसायचा, रेडिओला आवडेल असंच गाणं करायची सक्तीही नसायची, त्यामुळे त्यांच्या गाण्यांचा एक वेगळाच पोत तयार झाला, जरा कच्चा, जरा घरगुती, आणि हळूहळू लोक त्या पोतालाच इंडी म्हणायला लागले. आता हे लक्षात ठेवा, कारण ह्या दोघांचं पहिलं रेकॉर्ड खरोखरच्या छोट्या लेबलवर आलं आणि पुढचं व्हर्जिन ह्या बड्या कंपनीच्या छत्राखालच्या सोर्स नावाच्या लेबलवर, म्हणजे धंद्याच्या अर्थानं ते फार काळ इंडी राहिले नाहीत, पण आवाजाच्या अर्थानं आजही आहेत.

आता गाव. बँडमधले हे दोघं म्हणजे एर्लंड ओये आणि आयरिक ग्लाम्बेक बोए, दोघंही १९७५ चे, दोघंही बर्गनचे. बर्गन म्हणजे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, ऑस्लोनंतरचं दुसऱ्या नंबरचं शहर, सात डोंगरांच्या मधे वसलेलं आणि पावसासाठी युरोपभर प्रसिद्ध. वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि दोनशेपेक्षा जास्त पावसाळी दिवस. आपल्या महाबळेश्वरात ह्याच्या दुप्पटीहून जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, बर्गनचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतच राहतो, आणि हिवाळ्यात दिवस पाच-सहा तासांचा. म्हणजे घरात बसायला भरपूर वेळ. ह्यामुळेच ते असं संगीत करतात असं मी म्हणणार नाही, कारण त्याच पावसात त्याच शहरात त्याच्या बरोब्बर उलटं संगीतही झालंय.

ते उलटं म्हणजे ब्लॅक मेटल. १९९० च्या सुमाराला बर्गन हा ब्लॅक मेटलचा एक मोठा अड्डा होता. किंचाळणारा गळा, प्रचंड वेगातले ड्रम, गिटारचा आवाज इतका खरवडलेला की सूर शोधावा लागतो. त्यातल्या काही जणांनी गुन्हेही केले, बर्गनजवळचं फान्टोफ्टचं जुनं लाकडी चर्च ६ जून १९९२ ला जाळण्यात आलं, ते नंतर पुन्हा बांधलंय. ह्या संगीतातले कित्येक महत्त्वाचे अल्बम रेकॉर्ड झाले कुठे, तर बर्गनच्या ग्रीगहालेनमध्ये, म्हणजे शास्त्रीय संगीतकार एडवर्ड ग्रीगच्या नावानं बांधलेल्या मोठ्या सभागृहात. ग्रीगही बर्गनचाच, जन्म १८४३ चा. एर्लंड आणि आयरिक शाळेत होते तेव्हा त्यांच्या गावाची बाहेरच्या जगात जी ओळख होत होती ती ही अशी होती, जगातल्या सगळ्यात कर्कश संगीताचं गाव. त्यांनी पुढे जे केलं ते ह्या पार्श्वभूमीवर ऐकलं ना, की त्याचं धाडस कळतं.

पण ते सुरुवातीपासून असे शांत नव्हते. दोघांची ओळख शाळेपासूनची आणि सोळाव्या वर्षी आणखी दोन मित्रांबरोबर त्यांनी स्कोग नावाचा बँड काढला, स्कोग म्हणजे नॉर्वेजियनमध्ये जंगल. चार जणांचा व्यवस्थित बँड. एक ईपी काढली, ईपी म्हणजे अल्बमपेक्षा छोटी चार-पाच गाण्यांची तबकडी, आणि बँड फुटला. पुढे एर्लंड लंडनला गेला, तिथे पीचफझ नावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायला लागला, आणि आयरिक बर्गनलाच राहिला. ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, एक जाणारा आणि एक राहणारा, कारण पुढच्या पंचवीस वर्षांचा सगळा इतिहास ह्या एकाच गोष्टीभोवती फिरतो.

१९९९ च्या सुमारास दोघं पुन्हा एकत्र आले, ह्यावेळी फक्त दोघंच. त्या उन्हाळ्यात युरोपातल्या फेस्टिव्हल्समध्ये वाजवायला लागले आणि त्यांना लेबल मिळालं ते चक्क अमेरिकेतलं, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावचं किंडरकोर नावाचं छोटं लेबल. २००० साली त्यांच्याच नावाचा अल्बम तिथून निघाला. मग सोर्सनं त्यांना घेतलं आणि इंग्लंडला लिव्हरपूलच्या पार स्ट्रीट स्टुडिओत पाठवलं, निर्माता, म्हणजे रेकॉर्डिंगला दिशा देणारा माणूस, म्हणून केन नेल्सन, ज्यानं नुकतंच कोल्डप्ले ह्या ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमवर काम केलं होतं. आधीचीच बरीचशी गाणी नीट बसून पुन्हा रेकॉर्ड केली आणि २००१ च्या सुरुवातीला 'क्वायट इज द न्यू लाउड' आला.

ह्या नावावर जरा थांबूया. फॅशनवाल्यांची एक बोलायची पद्धत आहे, अमुक रंग म्हणजे नवा काळा, म्हणजे आता सगळे तोच घालणार. त्याच धर्तीवर हे, शांत म्हणजे नवं दणदणीत. आता तेव्हाचा काळ बघा. ह्याच्या काहीच महिने आधी, ऑक्टोबर २००० मध्ये लिंकिन पार्क ह्या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम आला होता, सगळीकडे जड गिटार आणि ओरडणं चाललं होतं. शिवाय रेकॉर्डिंगच्या धंद्यात एक वेगळीच मारामारी सुरू होती, तिला लाउडनेस वॉर म्हणतात. सीडीवर आवाजाला एक वरची मर्यादा असते, तिच्यावर जाताच येत नाही. मग दुसऱ्याच्या सीडीपेक्षा आपली मोठ्यानं वाजावी म्हणून काय करायचे, तर गाण्यातले हळू भाग उचलून वर आणायचे, मोठे भाग मर्यादेला टेकवून दाबायचे, म्हणजे सगळं एकाच पातळीवर. ह्याला कॉम्प्रेशन म्हणतात. छापलेल्या पानावर सगळीच अक्षरं ठळक केली तर कसं होईल तसं. पहिल्यांदा ऐकताना भारी वाटतं, अर्ध्या तासानं कान दमतात आणि का दमले तेही कळत नाही. अशा वेळी अल्बमच्या कव्हरवर 'शांत' हा शब्द छापणं म्हणजे सरळ भूमिका घेणं होतं. ब्रिटिश संगीत पत्रकारांनी लगेच ह्याची चळवळ करून टाकली, न्यू अकूस्टिक मूव्हमेंट असं नाव दिलं, त्यात टरिन ब्रेक्ससारखे आणखी काही बँड घातले, आणि काही काळानं ते नाव विसरलंही गेलं. अल्बम मात्र राहिला.

आता मुद्द्याचं, की हे चालतं कसं. दोनच गिटार आणि दोनच गळे असून पोकळ का वाटत नाही?

पहिली गोष्ट गिटारच्या तारा. एकाच्या हातात नायलॉनच्या तारांची गिटार असते आणि दुसऱ्याच्या हातात स्टीलच्या तारांची. नायलॉनचा आवाज गोल, मऊ, लवकर विरणारा. स्टीलचा आवाज चकचकीत, धारदार, जास्त वेळ रेंगाळणारा. त्यामुळे दोघं एकाच वेळी वाजवत असले तरी एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत, कान दोघांना वेगळं ठेवतो. आणि दोघं बऱ्याचदा एकच गोष्ट वाजवतच नाहीत, एकजण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, धरून झुलवत असतो तेव्हा दुसरा वरच्या तारांवर बारीक सुरावट विणत असतो.

दुसरी गोष्ट अंगठा. बोटांनी छेडून वाजवताना अंगठ्याकडे खालच्या सुरांच्या जाड तारा असतात आणि बाकीच्या बोटांकडे वरच्या सुरांच्या बारीक. अंगठा ठरलेल्या अंतरानं ठोके देत राहतो, म्हणजे तबल्यात डग्गा जे काम करतो ना, साधारण तेच काम इथे अंगठा करतो, आणि बाकीची बोटं चाटेवर, म्हणजे उजव्या तबल्याच्या कडेवर खेळावीत तशी खेळतात. ड्रमरचं काम असं वाटून टाकलेलं आहे, म्हणून ड्रमर नसूनही पाय हलतो. ही सगळी पद्धत ब्राझीलच्या बोसा नोव्हा ह्या संगीतशैलीशी खूप जवळची आहे, रिओ शहरात १९५० च्या दशकाच्या शेवटी ती जन्मली, आणि तिचा मोठा गायक जुआंव जिल्बेर्तो हाही असाच, कानाशी बोलल्यासारखा गायचा. बर्गनच्या पोरांनी पावसात बसून रिओची लय उचलली, मला हे फार आवडतं.

तिसरी गोष्ट दोन गळे. आपल्या संगीताला सवय एका सुरावटीची आहे, गायक एक ओळ गातो, साथीला तानपुरा सा-प धरून असतो, हार्मोनियमवाला त्याच ओळीच्या मागोमाग जातो. इथे तसं नाही. एकानं सा लावला की दुसरा त्याच क्षणी ग लावतो, पहिला रे वर गेला की दुसरा म वर, असं दोघं समांतर चालतात, थोडं अंतर राखून, आणि मधेच ते अंतर कमी-जास्त करतात. ह्याला क्लोज हार्मनी म्हणतात. ह्यात दोन गळ्यांचा पोत जुळावा लागतो, शब्द एकाच क्षणी सुरू आणि एकाच क्षणी बंद व्हावा लागतो, श्वाससुद्धा एकत्र घ्यावा लागतो. लोकांनी त्यांची तुलना लगेच सायमन आणि गारफंकल ह्या अमेरिकन जोडीशी केली ती ह्यामुळेच, आणि ती तुलना त्यांच्या मागे कायमची लागली. मला विचाराल तर ती अर्धीच बरोबर आहे, गळ्यांपुरती. गिटारचं म्हणाल तर ह्यांची झुळूक पूर्ण वेगळीकडून येते.

चौथी गोष्ट माईक, आणि ही सगळ्यात कमी बोलली जाते. माईकपासूनचं अंतर निम्मं केलं की तिथे पोचणारा आवाजाचा दाब साधारण दुप्पट होतो. म्हणजे गायक जर ओठ माईकजवळ आणून गायला तर त्याला जोर लावायची गरजच उरत नाही, आणि स्टुडिओतले बरेचसे माईक असे असतात की जवळून गायलं की खर्जातला भाग जास्त उठतो, त्यामुळे हळू आवाजसुद्धा भरलेला वाटतो. आपल्याकडचे भावगीत गाणारे माईकशी ज्या आपुलकीनं वागतात ते आठवा, तेच तंत्र. पण ह्याची किंमत आहे. हळू आवाज टिपायला माईक जास्त संवेदनशील ठेवावा लागतो, आणि मग खुर्ची करकरली, बोट तारेवरून घसरलं, श्वास थोडा जोरात घेतला गेला, सगळं टिपलं जातं. जोरदार बँडमध्ये एखादी चूक ड्रमच्या आवाजाखाली जाते, इथे लपायला जागाच नाही. म्हणून ह्या दोघांचे अल्बम यायला एवढी वर्षं का लागतात ह्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं उत्तर त्या दोघांच्या स्वभावात आहे. २००१ मध्ये 'क्वायट इज द न्यू लाउड' गाजला, त्याच वर्षी 'व्हर्सेस' नावाचा रिमिक्सचा अल्बम आला, म्हणजे त्यांचीच गाणी दुसऱ्यांनी आपापल्या पद्धतीनं बदललेली, त्यात फोर टेट हा इलेक्ट्रॉनिक संगीतकार आहे आणि बर्गनच्याच मित्रमंडळींपैकी रॉयक्सॉप आहेत. रॉयक्सॉप ही इलेक्ट्रॉनिक संगीत करणारी जोडी, मूळची उत्तरेकडच्या ट्रोम्सोची पण बर्गनला येऊन नावारूपाला आलेली. त्या काळात बर्गनमध्ये एकदम बरंच काही घडत होतं, टेले रेकॉर्ड्स नावाचं छोटं लेबल होतं ज्यानं रॉयक्सॉप आणि आनी नावाची गायिका ह्यांची सुरुवातीची सिंगल्स, म्हणजे सुटी गाणी, काढली, सॉन्द्रे लेर्के नावाचा पोरसवदा गायक होता, आणि ह्या सगळ्याला मिळून नॉर्वेत 'बर्गनची लाट' म्हणायला लागले. सगळे एकमेकांच्या रेकॉर्डवर जायचे यायचे. रॉयक्सॉपच्या २००१ च्या पहिल्या अल्बमवर दोन गाणी एर्लंडनंच गायलीयत, आणि खूप लोकांनी त्याचा आवाज किंग्जच्या आधी तिथेच ऐकलाय.

ह्यातून एर्लंडला नाचायच्या संगीताची गोडी लागली आणि तो निघाला. बर्लिनला राहायला गेला. २००३ मध्ये 'अनरेस्ट' नावाचा एकट्याचा अल्बम काढला, दहा गाणी, दहा शहरं, दहा वेगवेगळे निर्माते. डीजे झाला, आणि डीजे असूनही वाजणाऱ्या रेकॉर्डवर स्वतः गायचा. आयरिक मात्र बर्गनमध्येच. तो तिथल्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकला. एकाला जग बघायचंय, दुसऱ्याला घर सोडायचं नाहीये, आणि दोघांचा गळा मात्र एकमेकांशिवाय अपुरा. असा बँड चालवणं सोपं नाही.

तरी २००४ मध्ये 'रायट ऑन ॲन एम्प्टी स्ट्रीट' आला, आणि माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात मोकळा अल्बम आहे. पियानो आला, तंतुवाद्यं आली, काही गाण्यांत चक्क ठेकाही आला. त्यात एक गाणं नाचण्याबद्दलचं आहे, त्याच्या व्हिडिओत एर्लंड लहान मुलींच्या बॅलेच्या वर्गात आपला लांबलचक देह घेऊन नाचतो, तो बघून कित्येक जण ह्या बँडकडे वळले. आणि दोन गाण्यांत तिसरा गळा आहे, कॅनडाची गायिका फाइस्ट. ती तेव्हा फारशी माहीत नव्हती, तिचा स्वतःचा नाव मिळवून देणारा अल्बमही त्याच वर्षीचा. दोन पुरुषांच्या सुरात ती शेवटाला येते तेव्हा खोलीत कुणीतरी हळूच दार उघडून आल्यासारखं वाटतं.

मग पुन्हा मोठी गॅप. एर्लंडनं बर्लिनमध्ये द व्हायटेस्ट बॉय अलाइव्ह हा चार जणांचा बँड चालवला, गंमत म्हणजे हा सुरू झाला होता इलेक्ट्रॉनिक प्रकल्प म्हणून आणि नंतर त्यांनी कॉम्प्युटरवरचं सगळं काढून टाकलं, फक्त हातानं वाजवलेली वाद्यं ठेवली. २००६ आणि २००९ असे दोन अल्बम, २०१४ मध्ये बँड बंद. तेही काटकसरीचंच संगीत, फक्त नाचायला लावणारं.

२००९ मध्ये किंग्जचा पुढचा अल्बम आला, 'डिक्लरेशन ऑफ डिपेंडन्स'. नावच बघा. स्वातंत्र्याची घोषणा सगळे करतात, ह्यांनी अवलंबून असण्याची घोषणा केली. मागच्या अल्बमला ठेका होता, इथे त्यांनी तालवाद्यं पूर्णच काढून टाकली. अख्ख्या अल्बमवर ड्रमचा एक ठोका नाही, सोबतीला डबल बास आणि व्हायोलासारखी वाद्यं, आणि गिटारच्या अंगावर हात आपटून जो काही ताल निघेल तो. दोन माणसं एकमेकांच्या लयीवर पूर्ण विसंबून आहेत, मधे पकडायला काहीच नाही. मला वाटतं अल्बमचं नाव त्यांनी मैत्रीबद्दल जेवढं ठेवलं असेल तेवढंच ते वाजवण्याबद्दलही खरं आहे. हा अल्बम मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय, आणि अजूनही कधीकधी फक्त त्यातला अंगठा ऐकत बसतो.

आणि त्यानंतर बारा वर्षं काही नाही! म्हणजे कार्यक्रम करत होते, पण नवा अल्बम नाही. एर्लंड इटलीत सिसिली बेटावर सिराकुझा ह्या शहरात जाऊन राहिला, तिथे इटालियन शिकून इटालियनमध्ये गाणं काढलं, २०१४ चा एकट्याचा अल्बम आइसलंडमध्ये ह्यालमार नावाच्या रेगे बँडबरोबर केला. आयरिकनं बर्गनमध्ये कोमोदे नावाच्या बँडबरोबर २०१७ मध्ये अल्बम काढला. जाणारा जात राहिला, राहणारा राहिला.

जून २०२१ मध्ये शेवटी 'पीस ऑर लव्ह' आला. पाच वर्षं, पाच शहरं. एका ठिकाणी रेकॉर्ड करायचं, पुन्हा दुसरीकडे जाऊन बघायचं. ऐकायला ही गाणी इतकी साधी आहेत की पाच वर्षं कसली लागली असं वाटतं, पण वर माईकबद्दल जे लिहिलं ते आठवा, दोन माणसं, दोन गिटार, दोन गळे, सगळं एकाच वेळी सैल आणि एकाच वेळी अचूक पडायला हवं, आणि त्यातलं काहीही नंतर झाकता येत नाही. फाइस्टही परत आली, पुन्हा दोन गाण्यांत, सतरा वर्षांनी. तिघांचेही गळे वयानं थोडे खाली उतरलेत आणि त्यामुळे उलट जास्त जवळचे वाटतात.

ऐकायला सुरुवात कुठून करायची असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर, २००४ चा अल्बम आधी, कारण तो लगेच हात धरतो. मग २००१ चा, आणि त्याच्या लगेच मागे 'व्हर्सेस', म्हणजे तेच गाणं ठेका घातला की काय होतं ते समजतं. २००९ चा रात्रीसाठी ठेवा, घरातले झोपल्यावर, पंखा कमी करून, हेडफोन लावून. पहिल्यांदा शब्दांकडे लक्षच देऊ नका, नुसतं शोधा की नायलॉनची गिटार कुठली आणि स्टीलची कुठली. दुसऱ्यांदा ऐकताना एकच गळा धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका, मधे कधीतरी तो तुमच्या हातातून निसटून दुसऱ्यात मिसळतो. ती जागा सापडली की मला सांगा कुठल्या गाण्यात सापडली, माझी दर वेळी वेगळी असते.